पहिल्या गिअरमधला घाट

घाट आपल्या बायकांना नवा नाही. माहेर कोकणात आणि सासर देशावर असलं, की लग्नानंतरची पहिली दहा वर्षं घाटातच जातात म्हणा ना! कुंभार्ली, वरंधा, आंबेनळी. एस.टी.च्या खिडकीशी बसून, लिंबू हुंगत, मांडीवरच्या पोराला थोपटत आपण हे सगळे घाट उतरलो आहोत. पण गाडी घाटातून खाली न्यायची कशी, हे आपल्याला कधी कुणी सांगितलं नाही. ते काम ड्रायव्हरचं. आपण डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचं आणि खाली पोचल्यावर ‘आलं का गं महाड?’ म्हणून विचारायचं.

गेल्या ऑक्टोबरात अमेरिकेत एक घाट असा पाहिला, की तिथे डोळे मिटायची सोय नव्हती. रस्ता कच्चा, रुंदी जेमतेम एका गाडीची, बाजूला कठडा नाही, आणि खाली सरळ कडा. शिवाय गाडी चालवत होती आमची लेक. पोटच्या पोरीच्या शेजारी बसून डोळे कसे मिटणार?

लेक-जावई सॉल्ट लेक सिटीत राहतात. तिथून चार तास मोटारीने दक्षिणेकडे गेलं, की युटा राज्यात मोआब नावाचं छोटं गाव लागतं. गावाभोवती सगळा तांबड्या दगडाचा मुलूख. वर्षाला नऊएक इंच पाऊस. आपल्या महाबळेश्वरला एखाद्या मुसळधार दिवसात तेवढा पडून जातो! या वाळवंटात कॅनियनलँड्‌स नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. उद्यान म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे गुलाबाचे ताटवे आणि झोपाळे आले होते. तसलं काही नाही. झाड म्हणजे कुठेतरी एखादं वाकडंतिकडं जुनिपर. बाकी दगड, दऱ्या आणि आभाळ.

हा प्रदेश समजून घ्यायचा तर एक तिमजली वाडा डोळ्यांपुढे आणा. सगळ्यात वरची गच्ची म्हणजे सपाट पठार. त्याला ते लोक ‘आकाशातलं बेट’ अशा अर्थाचं नाव देतात, आयलंड इन द स्काय. त्याच्याखाली बाराशे फुटांवर मधला मजला. पांढऱ्या दगडाची कडा असलेला म्हणून तो व्हाइट रिम. आणि त्याच्याही खाली आणखी हजार फुटांवर तळमजला, जिथे ग्रीन आणि कोलोरॅडो या दोन नद्या वाहतात. गच्चीतून मधल्या मजल्यावर उतरणारा, वाड्याच्या भिंतीला बाहेरून चिकटवलेला, कठडा नसलेला जिना म्हणजे शेफर ट्रेल. सुमारे दीड हजार फुटांची उतरण, आणि तीही वळणावळणांनी, साडीच्या निऱ्या घालाव्यात तशी एकावर एक दुमडलेली.

वरच्या पठारावर कड्याच्या टोकाशी उभं राहून हा रस्ता दिसतो. खाली एक पांढरा ठिपका सरकत होता. मी नातवाला म्हटलं, ‘‘मुंगी बघ.’’ तो म्हणाला, ‘‘आजी, ट्रक आहे तो.’’

किल्ली कुणाकडे?

मोआबमध्ये भाड्याने जीप मिळते. चारही चाकांना जोर देणारी, पोट जमिनीपासून चांगलं उंच असलेली गाडी घेऊनच या रस्त्याला यावं, असं उद्यानाचं सांगणं आहे. लेक हा रस्ता मैत्रिणींबरोबर दोनदा उतरली होती. जावई मात्र सरळ म्हणाले, ‘‘आई, मला उंचीची भीती वाटते. मी मागे बसतो, तुम्ही पुढे बसा.’’ मला तर बाई कौतुकच वाटलं. भीती वाटते असं सासूसासऱ्यांसमोर स्वच्छ सांगणारा पुरुष आमच्या पिढीत कुठे पाहिला होता?

आमच्या ह्यांना ते रुचलं नाही. आयुष्यभर स्कूटर आणि पुढे मोटार चालवलेली. ‘‘असल्या रस्त्यावर पोरीनं चालवायची आणि आपण दोघं पुरुष मागे?’’ लेक हसली. ‘‘बाबा, लो रेंज म्हणजे काय ते सांगा. बरोबर सांगितलंत तर किल्ली तुमची.’’

ह्यांना सांगता आलं नाही. मलाही अर्थात येत नव्हतं. पण त्या दिवशी जे कळलं ते तुम्हाला सांगते. आपल्यातल्या पुष्कळजणी आता गाडी चालवतात, आणि घाट तर आपल्या दाराशीच आहेत.

उतारावर गाडी आपोआप धावते. मग आपण ब्रेक दाबतो. ब्रेक म्हणजे काय, तर फिरत्या चकतीवर घासणारं अस्तर. हात हातावर घासले की गरम होतात, तसंच ते. थोडा वेळ दाबला तर काही बिघडत नाही. पण अर्धा तास उतार असला आणि पाय ब्रेकवरच राहिला, तर चकत्या तव्यासारख्या तापतात. अस्तराची पकड सुटते, ब्रेक ऑइल फार तापून त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल दाबलं तर ते लोण्यात बोट घालावं तसं आत जातं. गाडी थांबत नाही. घाटात आपल्याला जो जळका वास येतो ना, ‘काहीतरी करपतंय’ असं वाटायला लावणारा, तो पुष्कळदा पुढच्या ट्रकच्या ब्रेकचाच असतो.

म्हणून उतार ब्रेकवर उतरायचा नसतो, गिअरवर उतरायचा असतो. सायकलचा डायनॅमो आठवतो? तो चाकाला लावला की पायडल जड होतं, कारण चाकाला डायनॅमोही फिरवावा लागतो. खालच्या गिअरमध्ये उतारावर हेच होतं. ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन चाकांना ढकलत नाही. उलट चाकांनाच इंजिन ओढून फिरवावं लागतं, आणि त्या ओझ्याने गाडी आपसूक रोखलेली राहते. आपल्याकडचे ड्रायव्हर ‘ज्या गिअरने चढतो त्याच गिअरने उतरावं’ म्हणतात ते याच्यासाठी. आणि पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडणारे जे शहाणे असतात, ते चाक आणि इंजिन यांची गाठच सोडून टाकतात. मग राहतो एकटा ब्रेक. असला कुणी तुमच्या घरात असेल तर त्याला हा लेख वाचून दाखवा.

जीपसारख्या गाडीत नेहमीच्या गिअरपेटीच्या जोडीला आणखी एक पेटी असते. तिचा दांडा लो रेंजमध्ये टाकला, की सगळेच गिअर खूप हळू आणि खूप ताकदवान होतात. त्यातला पहिला गिअर म्हणजे माणसाच्या चालीने जाणारी गाडी. लेकीनं वर, सपाट जागी गाडी उभी करून दांडा ओढला. ‘‘हे उतार लागायच्या आधी करायचं, आई. उतारावर लागल्यावर नव्हे.’’

आमचे हे मागच्या सीटवर बसले, पट्टा लावला, आणि नातवाला म्हणाले, ‘‘तुझ्या आईनं गृहपाठ केलाय हो.’’ एवढं बोलले म्हणजे पुष्कळच!

उतरण

सुरुवातीला रस्ता कड्याच्या पोटाशी लगटून जातो. डावीउजवीकडे काय आहे ते पाहायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण माझ्याच बाजूला दरी. खिडकीतून खाली पाहिलं तर रस्त्याची कड दिसेना, नुसती हवा. काळजात धस्स झालं. पाय आपोआप पुढे दाबला गेला, जणू माझ्याही पायाशी ब्रेक होता! लेकीनं न बघता ओळखलं. म्हणाली, ‘‘आई, समोर बघ. वळणाच्या पुढे कुणी येतंय का ते तू सांग मला.’’ तिनं मला काम दिलं आणि माझी भीती निम्मी झाली. लहानपणी इंजेक्शनच्या वेळी मी तिला भिंतीवरच्या कॅलेंडरातले रविवार मोजायला लावायची, त्याची मला आठवण झाली.

पण ते काम खोटं नव्हतं बरं का. या रस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर चढणाऱ्या गाडीचा हक्क पहिला. उतरणाऱ्याने थांबायचं, आणि वेळ आली तर मागे जायचं. म्हणून पुढची दोन-तीन वळणं आधीच न्याहाळून ठेवायची. खाली धूळ उडताना दिसली की आपण रुंद जागा गाठून थांबायचं. चालवणाऱ्याने देखावा बघायचा नाही. बघायचा असेल तर गाडी उभी करून, हँडब्रेक ओढून. लेकीची नजर रस्त्यावरून एकदाही हलली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि पाय ब्रेकच्या जवळ पण ब्रेकवर नाही. इंजिन घुं घुं करत होतं. आत कुणीच बोलत नव्हतं. एरवी आमच्या घरात असं होत नाही.

तिसऱ्या की चौथ्या वळणावर मला धूळ दिसली, पण ती दिसली तेव्हा गाडी जवळ आलेली होती. मधे कड्याचा सुळका आल्यामुळे आधी कळलं नाही. मोठा पिकअप ट्रक, मागे सायकली बांधलेल्या. व्हाइट रिमवर शंभर मैलांचा एक रस्ता आहे, त्यावर लोक तीन-चार दिवस सायकली हाणतात आणि त्यांचं सामानसुमान, पाणी अशा गाडीतून बरोबर जातं. तो चढत होता, म्हणजे मागे आम्हीच जायचं. रुंद जागा साठ-सत्तर फूट मागे, आणि मागे म्हणजे वर, वळण घेऊन.

जावई दार उघडून खाली उतरले. ज्यांना उंचीची भीती ते! कड्याच्या भिंतीला पाठ लावून, लेकीला आरशात दिसतील असे मागे जाऊन उभे राहिले आणि हाताने खुणा करू लागले. आमच्या ह्यांना राहवेना. त्यांनी खिडकीतून डोकं काढलं. ‘‘येऊ दे, येऊ दे... डावीकडे घे... अगं डावीकडे!’’ लेकीनं ब्रेक दाबून गाडी जागच्या जागी उभी केली. आवाज चढवला नाही. ‘‘बाबा, खुणा एकच माणूस करणार. दोघांच्या ऐकल्या तर मी कड्यावरून जाईन.’’

हे डोकं आत घेऊन गप्प बसले. लेकीनं पुन्हा रिव्हर्स टाकला. गाडी इंचाइंचानं मागे सरकली. माझ्या बाजूचं मागचं चाक कडेपासून किती दूर होतं हे मला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं. दोन मिनिटं लागली असतील. मला एक चातुर्मास गेल्यासारखं वाटलं. मग जावयांनी मूठ वर केली, म्हणजे थांब. ट्रक आमच्या शेजारून गेला, एवढ्या जवळून की दोन्ही आरसे दुमडावे लागले. पांढऱ्या दाढीच्या ड्रायव्हरनं स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलली. लेकीनंही उचलली. झालं. जावई परत येऊन बसले, त्यांचा शर्ट पाठीला चिकटलेला होता. त्यांना मी पाण्याची बाटली दिली. कुणी काही बोललं नाही, पण ह्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तो खाली पोचेपर्यंत काढला नाही.

रस्ता कुणी केला

खाली उतरून सावलीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाताना मी विचारलं, की असल्या ठिकाणी रस्ता करायचं कुणाच्या डोक्यात आलं?

इथल्या मूळच्या रहिवाशांची ही जुनी पायवाट. नदीकाठाहून पठारावर जायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेफर नावाच्या गुराख्यांच्या घराण्यानं ती नीट केली आणि तिच्यावरून गुरं खालीवर नेली. तेव्हाही रस्ता गुरांपुरताच होता. ट्रक जाईल एवढा तो झाला १९५० नंतर, आणि कशासाठी, तर युरेनियमसाठी. अमेरिकन सरकारला अणुबॉम्बसाठी युरेनियम हवं होतं. सरकार स्वतःच एकमेव गिऱ्हाईक. दगडात पिवळं काही सापडलं की नशीब उघडलं, अशी हवा होती.

नशीब उघडलेल्यातला सगळ्यात गाजलेला माणूस म्हणजे चार्ल्स स्टीन. बायको, चार लहान मुलगे, आणि राहायला डांबरी कागदाच्या भिंतींची झोपडी. युरेनियम शोधायचं यंत्र घ्यायलासुद्धा पैसे नव्हते. १९५२ साली मोआबच्या आग्नेयेला त्यानं काढलेला दगडाचा तुकडा दुसऱ्याच्या यंत्राजवळ नेला, तर यंत्राचा काटा टोकाला गेला. तो कोट्यधीश झाला, मोआबला टेकडीवर बंगला बांधला, आणि १९६८ साली त्याचं दिवाळं निघालं. त्या बाईनं झोपडीत चार मुलं कशी सांभाळली असतील आणि बंगल्यातून निघताना काय वाटलं असेल, याबद्दल मला जास्त वाचायला आवडलं असतं. पण गोष्टी सगळ्या नवऱ्याच्याच लिहिलेल्या असतात!

गंमत म्हणजे, शेफर ट्रेल आणि व्हाइट रिमच्या रस्त्यांवर एवढा खर्च झाला, पण या भागात युरेनियम फारसं निघालंच नाही. रस्ते मात्र राहिले. त्यावरूनच पुढे माणसं हा प्रदेश बघायला येऊ लागली. शेजारच्या आर्चेस उद्यानाचे अधिकारी बेट्स विल्सन हे सरकारी पाहुण्यांना जीपमधून या दऱ्याखोऱ्यांत फिरवायचे, रात्री निखाऱ्यावर बिडाच्या जाड पातेल्यात स्वयंपाक करून जेवू घालायचे, आणि जेवता जेवता ही जागा राखली पाहिजे हे गळी उतरवायचे. पोटातून मार्ग काढायची ही विद्या आपल्याला काही नवी नाही. अमेरिकेचे तेव्हाचे गृहमंत्री... म्हणजे तिथे त्या खात्याकडे जमिनी आणि उद्यानं असतात... स्ट्युअर्ट उडाल यांनी ते मनावर घेतलं, आणि १२ सप्टेंबर १९६४ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांच्या सहीने हे राष्ट्रीय उद्यान झालं.

हेच उडाल पुढे दुसऱ्या एका कामासाठी इथल्या मुलुखात परत आले. ते मला त्या देखाव्यापेक्षा जास्त लक्षात राहिलं आहे.

युरेनियम इथे नाही, पण दक्षिणेला नवाहो लोकांच्या जमिनीत भरपूर निघालं. खाणीत कामाला नवाहो पुरुष. खाणीत वारा खेळता नसे. दगडातून रेडॉन नावाचा वायू निघतो, तो त्यांच्या छातीत साचत गेला. १९५० च्या सुमारास सरकारच्याच आरोग्य खात्यानं या कामगारांच्या प्रकृतीचा अभ्यास सुरू केला, पण धोका काय आहे ते त्यांना सांगितलं नाही. माणसं पिवळ्या धुळीनं भरलेले कपडे घालून घरी येत. बायका ते कपडे धूत, पोरांच्या कपड्यांबरोबरच. खाणीतल्या टाकाऊ दगडांनी काहींनी घरं बांधली. काही वर्षांनी पुरुष खोकू लागले, आणि एकेका वस्तीत विधवांची संख्या वाढू लागली. आपल्या नवऱ्यांना झालं तरी काय, हा प्रश्न त्या बायकांनी सोडला नाही. मंत्रिपद संपून वकिली करणाऱ्या उडालांनी त्यांचं वकीलपत्र घेतलं. कोर्टात हार झाली. पण प्रकरण तिथे मिटलं नाही. १९९० साली अमेरिकन संसदेनं भरपाईचा कायदा केला आणि त्यात सरकारच्या वतीने माफीही मागितली. खाणकामगाराला किंवा त्याच्या मागे राहिलेल्यांना एक लाख डॉलर. २०२४ साली त्या कायद्याची मुदत संपली होती, ती २०२५ साली पुन्हा वाढवून मिळाली. म्हणजे पहिल्या खाणींना सत्तर-पंचाहत्तर वर्षं होऊन गेली तरी हिशोब चालूच आहे.

मोआबला परत जाताना नदीकाठी युरेनियमच्या जुन्या कारखान्याची जागा लागते. एक कोटी साठ लाख टन उरलीसुरली विषारी माती तिथे कोलोरॅडोच्या काठावर ढीग करून ठेवलेली होती. २००९ सालापासून ती रेल्वेच्या डब्यांत भरून तीस मैल उत्तरेला नेऊन पुरायचं काम सुरू झालं. एवढा ढीग वाघिणींनी उचलायचा म्हणजे किती वर्षांचं काम, तुम्हीच विचार करा.

थेल्मा आणि लुईस

घाटाच्या पायथ्याशी रस्ता दोन ठिकाणी फुटतो. एक व्हाइट रिमकडे, त्याला आधी परवाना काढावा लागतो. दुसरा पोटॅश रस्ता, मोआबला परत नेणारा. आम्ही दुसरा धरला. तो सपाट असेल अशी माझी समजूत, पण खडकांच्या पायऱ्या आणि ओढ्यांच्या कोरड्या पात्रांमुळे सगळी हाडं खिळखिळी झाली. घाटापेक्षा हाच जास्त लांबला.

वाटेत नदीवर ओणवलेला एक कडा आहे. लेकीनं गाडी थांबवली. ‘थेल्मा अँड लुईस’ नावाचा सिनेमा तुमच्यापैकी काहीजणींनी पाहिला असेल. १९९१ चा. एक धाकात ठेवलेली गृहिणी आणि एक हॉटेलात काम करणारी तिची मैत्रीण, दोघी दोन दिवसांसाठी म्हणून मोटार घेऊन निघतात आणि परत येत नाहीत. शेवटी मागे पोलीस आणि पुढे दरी, तेव्हा दोघी हातात हात घेऊन मोटार दरीत सोडतात. सिनेमात ती दरी ग्रँड कॅनियन म्हणून दाखवली आहे, पण चित्रीकरण झालं ते इथे. कथा-पटकथा लिहिली होती कॅली खौरी या बाईनं, आणि तिला त्याबद्दल ऑस्कर मिळालं.

पुष्कळांना तो शेवट फार थोर वाटतो. मला विचाराल तर मला तो पटत नाही. पहिला गिअर टाकून त्या दोघी खाली उतरल्या असत्या आणि मोआबच्या एखाद्या हॉटेलात चहा पीत बसल्या असत्या, तर माझ्या जिवाला बरं वाटलं असतं. लेक म्हणाली, ‘‘आई, मग तो सिनेमा कुणी पाहिला असता?’’ तिचंही खरं असेल.

तिथून पुढे एकाएकी निळीभोर तळी दिसली. तांबड्या वाळवंटात रिन-टिनोपॉलसारखी निळाई! ती आहेत पोटॅशची. हो, तेच पोटॅश, जे आपल्याकडे उसाला आणि द्राक्षाला घालतात. जमिनीच्या पोटात खोल पाणी सोडायचं, क्षार विरघळवून ते वर काढायचं आणि उन्हात आटवायचं. आपल्या मिठागरांसारखंच. उन्हाची ऊब जास्त शोषली जावी म्हणून पाण्यात निळा रंग घालतात. पूर्वी माणसं खाली उतरून खाण खणायची. १९६३ साली स्फोट होऊन त्यातली अठराजणं गेली. १९७० पासून ही पाण्याची रीत आली.

जायचं असेल तर

मुलं-सुना अमेरिकेत असलेल्या कितीतरी घरांतून आता आईवडिलांच्या फेऱ्या होतात, तेव्हा थोडं व्यवहाराचंही सांगते. वाटेत पाण्याचा नळ नाही, दुकान नाही आणि फोन बहुतेक ठिकाणी लागत नाही. माणशी दिवसाला चार लिटर पाणी धरा. आम्ही पाचजण, म्हणून वीस लिटर घेतलं, आणि संध्याकाळी परत येणार असूनही पुरतं वीस लिटरच घेतलं. गाडी बंद पडली तर मदत येईपर्यंत रात्र तिथेच काढावी लागू शकते, आणि ऑक्टोबरात रात्री चांगलाच गारठा पडतो. स्वेटर, पांघरूण गाडीत हवंच. खायला दशम्या, गूळपोळी, चकली असं न विटणारं. साखर-मीठ-पाण्याची पुडी पर्समध्ये असू द्या. साडी नेसायला हरकत नाही, पण बूट पायात असावेत. गाडी ओढून न्यायची वेळ आली तर खर्च हजार डॉलरच्या वर जातो, तेव्हा चाकं आणि जादा चाक निघण्यापूर्वीच बघून घ्यायला सांगा. पाऊस किंवा बर्फ झालं असेल तर जाऊच नका. तांबडी माती ओली झाली की साबणासारखी होते. निघायच्या दिवशी सकाळी उद्यानाच्या कचेरीत रस्त्याची चौकशी करावी, ते लोक नीट सांगतात.

गाडीतून उतरलात तर खडकावर किंवा रस्त्यावरच पाय ठेवा. तिथल्या मातीवर काळपट, खरखरीत साय धरलेली दिसते. ती जिवंत असते. सूक्ष्म जिवांनी वाळूचे कण विणून ती केलेली असते, आणि एका पावलानं मोडली तर पुन्हा धरायला कितीतरी वर्षं जातात. नातवानं हे मला तीनदा सांगितलं. व्हाइट रिमच्या रस्त्यावर घरातलं कुत्रंही नेता येत नाही, गाडीतल्या गाडीतसुद्धा नाही.

ज्यांना चक्कर येते किंवा पाठीचं दुखणं आहे, त्यांनी वरच्या कड्यावरूनच हा रस्ता पाहावा. तिथपर्यंत डांबरी सडक आहे.

मोआबला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. जीपची किल्ली परत करताना ह्यांनी दुकानातल्या पोराला मुद्दाम सांगितलं, ‘‘माय डॉटर ड्रोव्ह. ऑल द वे.’’ तो म्हणाला, ‘‘यस सर,’’ आणि टायर बघायला बाहेर गेला. त्याला त्यात काही विशेष वाटलेलं दिसलं नाही.

कपड्यांचं एक सांगायचं राहिलं. ही तांबडी धूळ अंगात, केसात, साडीच्या काठात सगळीकडे शिरते. कपडे लगेच भिजवू नका, डाग बसतात. आधी कोरडेच अंगणात जोरात झटका, मग नुसत्या थंड पाण्यातून दोनदा काढा, साबण त्यानंतर. माझ्या पांढऱ्या साडीचा काठ तरीही किंचित गुलाबीसर राहिला आहे.